पोलादी कड्यातला उजेड

सांगलीच्या त्या खोलीत शिरताना माझ्या तोंडाला कोरड पडायची. पहिल्या दिवशी पडली, तशीच शेवटच्या दिवशीही पडली. मधल्या काळात मी पुष्कळ शिकले, हात सरावले, पण कोरड काही गेली नाही.

मी पाटण खोऱ्यातली. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा शाळेत होते. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या गावात मांडणीवरची भांडी किणकिणली की बायका पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात यायच्या. वडील, म्हणजे आमचे आबा, फौजेत तोफखान्यात होते. सुभेदार होऊन ते घरी परतले तेव्हा मी कराडला कॉलेजात होते. "शिकतीया तवर शिकू द्या तिला," एवढंच ते आईला म्हणाले, आणि मी पुढं कोल्हापूरला जाऊन भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले. म्हणजे नेमकं काय झाले ते घरी कुणाला सांगता यायचं नाही. आबा लोकांना सांगायचे, "विजेचं शिकलीया."

सांगलीच्या एका कॉलेजात माझ्या शिक्षकांचे एक स्नेही होते. बरीच वर्षं परदेशात काढून परत आलेले. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणू लागले. त्यांना हाताखाली संशोधन करणारं माणूस हवं होतं. एक सहकारी त्यांच्याकडे आधीच होता, मिरजेचा, माझ्यापेक्षा थोडा मोठा, कामात हुशार आणि सदा काहीतरी गुणगुणणारा. त्याच्या जोडीला मी आले. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो.

कॉलेजच्या मागच्या अंगाला एक जुनं गोदाम होतं. त्यातच यंत्र उभं केलेलं. मधोमध एक पोलादी पोकळ कडं, बैलगाडीच्या चाकाएवढं, आडवं ठेवलेलं. नळी साधारण मांडीएवढी जाड. ते दोन अर्धुकांत कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून जोडून घेतलं होतं. कड्याभोवती तांब्याच्या पट्ट्यांचे जाडजूड वेढे. आतली हवा पंपानं ओढून काढायची, मग चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि एका दणक्यात प्रचंड वीज फिरवायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत आतला वायू तापून फुटायचा, त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे व्हायचे. त्यालाच प्लाझ्मा म्हणतात. कड्याला एक काचेची खिडकी होती. तिच्यातून क्षणभर गुलाबी उजेड दिसायचा आणि संपायचा.

पहिल्याच आठवड्यात मी सरांना विचारलं, "सर, सूर्याच्या पोटात जे चालतं ते आपण इथं चालवणार?"

सर हसले. "नाही गं. ते अजून जगात कुणाला जमलेलं नाही. आणि या एवढ्याशा कड्यात जमणारही नाही. आपण एवढंच बघायचं, की हा आत राहतो कसा आणि निसटतो कसा."

सगळी अडचण निसटण्याचीच होती. प्लाझ्मा भिंतीला शिवला की तिथंच थंड होऊन मरतो, वर भिंत खराब करतो ती वेगळीच. म्हणून त्याला चुंबकाच्या जोरावर नळीच्या मधोमध अधांतरी धरून ठेवायचं. पण विजेचा प्रवाह गोल वळवला की त्याला पसरायचं असतं. सायकलच्या ट्यूबमध्ये बेताबाहेर हवा भरली की ती जशी मोठी मोठी होते, तसा आमचा प्लाझ्मा मोठा होत बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळायचा. त्याला आत ढकलण्यासाठी आणखी एक चुंबकीय क्षेत्र लागे, वरून खाली उभं. ते कमी पडलं तर तो बाहेर जाणार, जास्त झालं तर आतल्या भिंतीवर.

आणि तो कुठं आहे हे बघायला आत काही घालता येत नव्हतं. गुऱ्हाळातल्या काहिलीत बोट घालून कुणी पाक बघत नाही, तसंच. आम्ही बाहेरून बघायचो. नळीच्या आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक, अशी बारीक तारेची वेटोळी बसवली होती. प्लाझ्मा ज्या वेटोळ्याकडे सरके त्याच्यात वीज जास्त उमटे. ती ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवी रेघ होऊन धावे आणि समोर लावलेला कॅमेरा तिचा फोटो घेई. रेघ वाचून आम्ही सांगायचो, इथं जन्मला, इथं सरकायला लागला, इथं आदळला.

हे सगळं मला आवडायचं. भीती वाटायची ती भिंतीकडच्या डब्यांची.

डबे म्हणजे कपॅसिटर. वीज साठवणारे. तेलाच्या डब्यांएवढे, राखाडी रंगाचे, लोखंडी जाळीच्या आत ओळीनं मांडलेले. दणका द्यायच्या आधी त्यांच्यात काही हजार व्होल्टपर्यंत वीज भरत जायची. घंटा वाजायची, दारावरचा लाल दिवा लागायचा आणि आम्ही आडोशाच्या भिंतीमागं उभं राहून मीटरचा काटा वर चढताना बघायचो. बारीक गुणगुण सुरू व्हायची. काटा जसा वर जाई तशी माझी मान आखडत जाई. मग बटण, आणि धप्प! जमिनीतून पायांना लागणारा आवाज. मिरजेचा सहकारी तेवढ्यातही नाट्यपदाची ओळ सोडत नसे.

काम झाल्यावर डबे रिकामे करायचे. त्यासाठी एक काठी होती, वाळक्या बांबूची, टोकाला तांब्याचा आकडा. आकड्याला जोडलेली जाड तार जमिनीत गाडलेल्या पत्र्यापर्यंत गेलेली. एकेका डब्याला आकडा लावायचा, की उरलीसुरली वीज जमिनीत जाते.

सरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "आणि रिकामा केला म्हणून विश्वास ठेवायचा नाही. नुसता ठेवला तर काही वेळानं त्यात पुन्हा वीज येते."

"कुठून येते, सर?"

"आतल्या कागदात मुरलेली असते. हळूहळू वर येते. सगळी नाही, थोडीच. पण माणसाला तेवढी पुरते."

हे ऐकल्यापासून ते डबे मला निपचित पडलेल्या जनावरांसारखे वाटायला लागले. जाळीजवळून जाताना मी पदर खोचून, हात छातीशी घेऊन जायचे. सहकारी हसायचा. "अहो, जाळी आहे मधे. डबे काय उडी मारणार आहेत का?"

त्याच वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, पोखरणचा अणुस्फोट झाला. त्यानंतर आमच्या कामाबद्दल गावात काहीबाही बोललं जाऊ लागलं. मी सांगलीच्या गावभागात एका मावशींकडे खोली घेऊन राहायचे. त्यांनी एकदा पाणी भरताना विचारलं, "काय गं, तुमच्या कॉलेजात आटमबाम करतात म्हणे?"

मी म्हटलं, "नाही हो मावशी. त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही."

"मग जमीन का हादरते? मागच्या आळीतल्या बायका सांगत होत्या."

मी त्यांना ट्यूबलाइटचं उदाहरण दिलं. ट्यूबमध्ये जो वायू पेटतो तोच प्रकार, फक्त मोठा. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्या दिवसापासून माझी साडी त्यांच्या दोरीवर वाळत घालू देईनात.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ. सर त्यांच्या खोलीत होते, आम्ही दोघं यंत्राशी. एक शॉट झाला. शॉट म्हणजे एक दणका, आम्ही तसंच म्हणायचो. पडद्यावर आतल्या वेटोळ्याची रेघ आली, बाहेरच्या वेटोळ्याची आलीच नाही.

"जोड सुटला असणार," सहकारी म्हणाला. बाहेरच्या वेटोळ्याची तार जाळीच्या आतून, डब्यांच्या मागून येत होती. "थांबा, मी बघतो."

त्यानं पुरवठा बंद केला. दार उघडलं. काठी घेतली. एकेका डब्याला आकडा लावला. मी आडोशाच्या कडेला उभी राहून बघत होते. वीज शिल्लक असली की आकडा टेकताना टक् असा आवाज व्हायचा, नसली की नाही. त्या दिवशी कुठंच झाला नाही. म्हणजे शिल्लक काही नाही, असं आम्ही दोघांनीही धरलं. नियमाप्रमाणे त्यानं आकडा शेवटच्या डब्यावर अडकवून ठेवला आणि वाकून हात मागं घातला.

कुणीतरी जोरात टाळी वाजवावी तसा आवाज झाला. तो ओरडला नाही. अख्खा मागं फेकला गेला, जाळीवर आपटला आणि खाली बसावं तसा बसत बसत आडवा झाला.

मी "सर!" म्हणून हाक मारली. ती हाक कुणाची आहे असं मला वाटलं, इतका माझा आवाज परका झाला होता. सर धावत आले. मी पुढं होत होते तोच ओरडले, "हात लावू नकोस!" त्याचा एक पाय डब्यांकडे पसरलेला होता. सरांनी कोपऱ्यातली लाकडी खुर्ची उचलली, तिच्या पायानं त्याचा पाय बाजूला सारला आणि मग आम्ही दोघांनी त्याला बगलेत धरून बाहेर ओढलं. तोंड राखेसारखं झालेलं. उजव्या तळव्यावर पांढरट खड्डा पडला होता, आणि जळल्या केसांचा वास येत होता.

श्वास नव्हता. छातीला कान लावून सर म्हणाले, "ठोके आहेत. नाक दाब त्याचं." मी गुडघ्यावर बसून नाक चिमटीत धरलं. सर त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकत राहिले. छाती वर यायची, खाली जायची, वर यायची, खाली जायची, आणि सर थांबले की नुसती पडून राहायची. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मी त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत होते. ती गुंडी आपली आपण हलली तेव्हा मला कळलं. मग घशातून घरघर आली आणि त्यानं डोळे न उघडता ओकारी काढली.

कॉलेजच्या जीपमधून त्याला मिरजेला नेलं. गळीत हंगाम सुरू झालेला, कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता भरला होता. ड्रायव्हर भोंगा दाबून धरायचा, गाडीवान मागं वळून शिव्या द्यायचे, जीपमध्ये डोकावले की गप्प होऊन बैल कडेला घ्यायचे. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो श्वास घेतोय ना, हे बघायला मी सबंध वाटभर त्याच्या नाकाशी बोट धरून बसले.

तो वाचला. हात मात्र पूर्ण बरा झाला नाही. उजव्या हाताची दोन बोटं पुढं कधी वळलीच नाहीत.

दोन-तीन दिवसांनी मी भेटायला गेले. त्याची आई उशाशी बसून संत्री सोलत होती. त्यानं मला ओळखलं, हसला आणि विचारलं, "मी कुठं उभा होतो?"

मी सांगितलं. डब्यांच्या उजव्या अंगाला, शेवटच्या डब्याजवळ.

"काठी लावली होती का मी?"

"लावली होती. सगळ्यांना लावली."

त्यानं मान हलवली. छताकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, "मी कुठं उभा होतो?"

मी पुन्हा सांगितलं. त्याची आई माझ्याकडे बघून हलकेच म्हणाली, "सारखं तेच विचारतोय गं. डॉक्टर म्हणतात, होईल नीट." सोललेलं संत्रं तिच्या हातातच राहिलं होतं. 

मधल्या काळात सरांनी आणि मी काठी तपासली होती. तारेच्या एका टोकाला आणि आकड्याला मीटर लावलं. काटा हलला नाही. पुन्हा लावलं. नाही हलला. सरांनी चाकूनं तारेवरचं रबर उभं चिरलं. आकड्यापासून वीतभर अंतरावर आतले तांब्याचे सगळे धागे तुटून हिरवे पडले होते. रबर मात्र वरून धड, काळं, तुकतुकीत होतं. रोज वाकवून वाकवून आतल्या आत तुटत गेली असणार. त्या तारेचा जमिनीशी काही संबंधच उरला नव्हता आणि आम्ही तिच्या भरवशावर आत शिरत होतो. अपघाताच्या आदल्या दिवशी मी शिरले होते. त्याच्या आदल्या दिवशीही मीच.

सरांनी ती तार टेबलाच्या खणात ठेवली. मग त्यांनी खोलीला कुलूप लावलं.

कुलूप महिनाभर तरी निघालं नाही. सर वर्गावर यायचे, शिकवायचे आणि गोदामाकडे न बघता घरी जायचे. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की यंत्र मोडीत काढा. सरांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले आणि धीर करून म्हटलं, "सर, मला ते मोजायचंय. कुठल्या क्षणी तो सरकायला लागतो, ते आपल्याला अजून कळलेलं नाही."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते, सर. फार वाटते."

 दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडे गेले आणि उन्हाळी सुट्टीपर्यंतची मुदत मागून आले. मग आम्ही सगळं नव्यानं केलं. कुपवाडहून एक लोखंडी दांडा करून आणला. जाळीचं दार उघडलं की तो वरून आपोआप खाली पडून सगळ्या डब्यांना एकदम जमिनीशी जोडायचा. काठ्या दोन केल्या. त्यांच्या तारांवर रबर नव्हतं, उघडी तांब्याची वेणीच. रोज सकाळी मीटर लावून बघायचं आणि मगच काम.

एवढं झालं, पण बटण दाबायला सरांचा हात उठेना. पहिल्या दिवशी वीज भरून झाली, काटा वर जाऊन थांबला, आणि सर बटणापाशी उभे. कपाळाला घाम. "तू दाब," ते म्हणाले. त्या दिवसापासून बटण माझ्याकडे आलं. सर बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे.

हे सगळं घरी कळू नये अशी माझी खटपट होती. पण कराडचा कुणीतरी मिरजेच्या दवाखान्यात होता, त्यानं गावी जाऊन सांगितलं. एके दिवशी सकाळी व्हरांड्यात बघते तो आबा उभे. धोतर, फौजेतला जुना कोट, हातात पिशवी.

"आबा? तुमी कवा आलासा?"

"आत्ताच उतरलो यष्टीतनं. चल, सामान बांध."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? घरी. मानूस मेलं व्हतं म्हनं हितं."

"मेला न्हाई आबा. बरा हाय त्यो."

"बरा हाय म्हंजे मरायला टेकला व्हता की." त्यांचा आवाज चढला. सर बाहेर आले, त्यांनी नमस्कार केला. आबांनीही केला, पण बोलणं माझ्याशीच चालू ठेवलं. "तुझी आई जेवली न्हाई दोन दिस. मी काय सांगू तिला?"

मला एकच सुचलं. म्हटलं, "आदी बघा तरी आमी काय करतुया ते. मग न्या मला."

ते आत आले. मी त्यांना आडोशामागं उभं केलं. कडं दाखवलं, डबे दाखवले, दांडा पाडून दाखवला. फौजी माणूस, त्यांनी सगळं नीट बघितलं, दांड्याला हात लावून हलवून बघितला. मग मी घंटा दिली. लाल दिवा लागला. गुणगुण सुरू झाली. मी काट्याकडे बघत होते. काटा जागेवर आला, मी बटण दाबलं. धप्प!

मागं वळले तर आबा उभे नव्हते. भिंतीशी अंग चोरून, गुडघ्यांत डोकं आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन ते खाली बसले होते.

"आबा?"

ते हळूहळू उठले. भिंतीला धरून. हात त्यांनी कोटाच्या खिशात घातले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. "पानी दे," म्हणाले. 

माझ्या वडिलांना घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. भूकंपानंतर सुट्टी घेऊन आले होते, तेव्हा पडक्या घरात शिरून त्यांनी एकट्यानं धान्याची पोती बाहेर काढली होती. तोफांच्या गोष्टी ते हसत हसत सांगायचे. त्या क्षणी मला माझ्या डब्यांपेक्षाही त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्या आत काय आहे त्याची.

एसटी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. सामान बांधायचं त्यांनी पुन्हा काढलं नव्हतं. पिशवी मांडीवर घेत म्हणाले, "पासष्टच्या लढाईला आमच्या तोफंवर गोळा पडला हुता. माझ्या शेजारचं दोघं गेलं. आवाज असाच हुता बग. असाच, दबका." मग एवढंच, "घरी बोलू नगंस."

"न्हाई बोलत."

"तुला भ्या वाटतं का गं?"

"रोज वाटतं, आबा."

त्यांनी मान डोलावली. कराडची गाडी लागली. पिशवी उचलून ते दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ट्यूबलाइटीचं काम हाय म्हनून सांगतो तुझ्या आईला. मोठी ट्यूबलाइट." मी त्यांना तो शब्द सांगितलेला नव्हता. कड्याच्या खिडकीतला गुलाबी उजेड त्यांनी खाली बसण्याआधी बघितला असणार.

हिवाळा आणि उन्हाळ्याचा पहिला भाग मी त्या गोदामात काढला. प्लाझ्मा सरकतोय हे कळून मग त्याला आवरायचं, असं करायला आमच्याकडे साधन नव्हतं. कळेपर्यंत तो आदळून संपलेला असे. म्हणून मागच्या शॉटची रेघ वाचायची आणि पुढच्याची तयारी करायची. उभं क्षेत्र किती जोराचं आणि किती आधी सुरू करायचं, ते तारांचे जोड बदलून ठरवावं लागे. जोड जाळीच्या आत होते. म्हणजे प्रत्येक बदलाला आत जाणं आलं. दार उघडायचं, दांडा खण्णकन पडायचा. एक काठी लावायची, मग दुसरी. मग मी उलट्या हातानं, बोटांच्या मागच्या बाजूनं डब्याला शिवून बघायचे. धक्का बसलाच तर मूठ आवळून तिथंच चिकटायला नको, म्हणून. एवढं सगळं करूनही बाहेर आल्यावर ब्लाउज पाठीला चिकटलेला असायचा. सर व्हरांड्यातून विचारायचे, "आलीस का बाहेर?" "आले, सर," असं ओरडून सांगितलं की त्यांची चप्पल वाजत दूर जायची.

रेघा हळूहळू बोलायला लागल्या. आधी प्लाझ्मा जन्मल्याबरोबर बाहेर पळायचा. क्षेत्र वाढवलं तर आत कोसळायला लागला. मग मी जोर तेवढाच ठेवून वेळ अलीकडे आणली. दोन वेटोळ्यांच्या रेघा, ज्या आजवर कात्रीसारख्या फाकायच्या, त्या एका दुपारी बराच वेळ शेजारी शेजारी चालल्या आणि मगच फाकल्या. बराच वेळ म्हणजे तो आमच्या हिशेबानं. माणसाला तो क्षणही म्हणता येणार नाही. फोटो स्टुडिओतून फिल्म धुऊन यायची वाटसुद्धा मी बघू शकले नाही. लगेच दुसरा शॉट घेतला. पुन्हा तसंच. तिसरा. प्लाझ्मा मधोमध थांबला होता.

मी सरांना हाक मारली. अपघातानंतर पहिल्यांदाच ते आडोशामागं आले. मी काटा चढवला. त्यांनी माझ्या खांद्याच्या मागं भिंत घट्ट धरली होती. शॉट झाला, रेघा जोडीनं धावल्या. सरांनी त्या पाहिल्या, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "आता बंद करू या." मला वाटलं त्या दिवसापुरतं म्हणताहेत.

ते कायमचं म्हणत होते. मुदत संपत आली होती आणि त्यांना ती वाढवून घ्यायची नव्हती. सुट्टीत यंत्र सुटं केलं. मोजलेलं आम्ही तिघांच्या नावानं लिहून एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवलं. सर पुढं निवृत्त होईपर्यंत प्रकाशशास्त्र शिकवत राहिले. मी दुसऱ्या राज्यात एका मोठ्या प्रयोगशाळेत गेले. तिथंही तेच काम, मोठं कडं, मोठे डबे.

दशक संपता संपता एकदा रजेवर घरी आले होते, तेव्हा साताऱ्याला गेले. मिरजेचा सहकारी तिथं एका कॉलेजात लेक्चरर झाला होता. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. तो डाव्या हातानं लिहायला शिकला होता, अक्षर आधीपेक्षा चांगलं आलंय असं सांगत होता. लग्न झालेलं, एक मुलगी होती. शिपायानं चहा आणून ठेवला.

"तुम्हाला एक सांगू?" तो म्हणाला. "घरी दिव्याचं बटणसुद्धा बायको लावते. मी म्हणतो, माझा हात बरा नाही. ती कधी काही म्हणत नाही." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही अजून आत जाता?"

"जाते."

"कशा?"

"भीत भीत," मी म्हटलं. "काठी लावते, मीटर लावते, पुन्हा काठी लावते. लोक कंटाळतात माझ्यामुळं. चालायचंच."

तेवढ्यात वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. आम्ही चहा घेत अंधुक खोलीत बसून राहिलो, इकडचं तिकडचं बोलत. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. काही वेळानं खटकन आवाज होऊन वीज आली, पंख्यानं गचका घेतला, आणि आम्ही दोघंही खुर्चीतून उभे राहिलो होतो. माझा चहा साडीवर, त्याचा बशीत. आधी तो हसला, मग मी. शिपाई फडकं घेऊन आला आणि आम्ही का हसतोय ते न कळून टेबल पुसू लागला.